मल्लीतालचे प्रार्थनामंदिर

नैनितालला गेलेला आमच्यासारखा बदलीचा नोकर नैनादेवीचे दर्शन घेतो, तलावात नाव फिरवून आणतो आणि माघारी येतो. मल्लीतालच्या मेथडिस्ट चर्चकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. वास्तविक अमेरिकन मेथडिस्ट मिशनने या देशात बांधलेले हे पहिले प्रार्थनामंदिर. (इंग्लंडच्या वेस्लियन शाखेची मद्रासेतील मंडळी याहून जुनी, ती गणती निराळी.)

विल्यम बटलर १८५६ च्या अखेरीस बरेलीस आले. त्यांना हिंदुस्थानी येत नव्हती. अलाहाबादच्या प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांना जोएल नावाचा एक तरुण देशी ख्रिस्ती मदतनीस दिला. लोकांच्या भाषेत बोलणारा तोच. ३१ मे १८५७ रोजी बरेलीच्या पलटणी उठल्या. बटलर कुटुंब त्याआधीच नैनितालला गेले होते. जोएल मात्र मागे राहिला आणि बायको-मुलासह पायी निघून कसाबसा वाचला. (याच बरेलीत पुढच्या वर्षी नानासाहेब पेशवे काही काळ होते, हे मराठी वाचकास स्मरत असेलच.) डोंगरावर पहिली उपासना मेंढ्यांचा गोठा झाडून तेथे झाली. १८५८ मध्ये कुमाऊंचे कमिशनर हेन्री रॅमसे यांनी मंदिराची कोनशिला बसविली.

समोर बसणारे बहुतेक गोरे अधिकारी, शिपाई आणि आश्रयाला आलेली कुटुंबे. परंतु मिशनची खरी वाढ खाली रोहिलखंडात झाली, तीही अनपेक्षित दिशेने. १८५९ पासून मुरादाबादकडील मजहबी शीख आले; पुढे झाडूकाम व चामड्याचे काम करणाऱ्या जातींतील हजारो माणसे मोहल्ल्यामोहल्ल्याने आली. बाजारात पंडित-मौलवींशी वाद घालून जे साधले नाही, ते या उपेक्षितांनी आपण होऊन घडविले. मिशनऱ्यांना याचा आनंद झाला तसा थोडा संकोचही वाटला असावा, असे आम्हांस वाटते.

१९४७ नंतर साहेब गेले. १९७० मध्ये उत्तर हिंदुस्थानातील अनेक पंथांनी एकत्र येऊन संयुक्त चर्च स्थापिले. मेथडिस्ट बाहेर राहिले, आणि १९८१ मध्ये त्यांचे चर्च अमेरिकेपासून स्वायत्त झाले.

परगावच्या आमच्या मंडळाच्या इतिवृत्तांतही संस्थापक म्हणून बड्या हुद्देदारांचीच नावे आहेत. गणपतीच्या मांडवात मात्र हल्ली हिंदी बोलणारी मुले खुर्च्या मांडतात, आणि त्यांना सभासद करावे की नाही यावर गेल्या सभेत दोन तास वाद झाला. मल्लीतालच्या कोनशिलेचा मान रॅमसेसाहेबांना मिळाला. मंडळी वाढली ती जोएलच्या भाषेत.