वठलेल्या झाडाचा धनी

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमाराच्या प्रकरणात झाडांविषयी एक परिच्छेद आहे. तो शिवाजी महाराजांचा हुकूम म्हणून सर्रास उद्धृत होतो. वास्तविक हा ग्रंथ इ.स. १७१५-१६ च्या सुमाराचा, महाराजांच्या निधनानंतर सुमारे पस्तीस वर्षांनी सिद्ध झालेला. मात्र लिहिणारा शिवकाळात तयार झालेला मुत्सद्दी. जहाजांसाठी सागवान परवानगीने तोडावे, अधिक लागल्यास परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. पर्यावरणदिनाच्या भाषणांत एवढाच भाग येतो.

त्याच्या पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. एखादे झाड फारच जीर्ण होऊन निकामी झाले असेल, तरीही धन्याला राजी करून, मोल देऊन मगच ते न्यावे. जबरदस्ती करू नये. म्हणजे वठत चाललेल्या झाडावरही राज्याचा आपोआप हक्क नाही. येथे रक्षण झाडाचे आहेच, पण त्याहून अधिक झाडाच्या धन्याचे आहे.

मधला ब्रिटिश अंमल हा जंगलखात्याचा इतिहास आहे, तो येथे बाजूस ठेवू. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने धारण जमिनीवरील झाडांचा हक्क धारकाकडेच ठेवला. शहरांत मात्र महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ आला आणि परवानगीची दिशा उलटली. आता धन्याने स्थानिक संस्थेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा; झाड स्वतःच्या अंगणातले असले तरी, आणि ते मेलेले असले तरीही. मेलेल्या, रोगट किंवा वाऱ्याने उन्मळलेल्या झाडासाठी परवानगी नाकारू नये, असे कायदा म्हणतो. पण झाड तसे आहे, हे प्राधिकरणाच्या मते ठरायला हवे. सारा प्रश्न या 'मते'त आहे.

ही तरतूद निरर्थक मुळीच नाही. मुळाशी विष घालून किंवा सालीचे कडे काढून झाड 'मारायचे' आणि मग ते मेले म्हणून अर्ज करायचा, ही युक्ती जुनीच आहे. धन्याच्या शब्दावर विसंबले, तर मोक्याच्या भूखंडांवरची झाडे फार लवकर 'मरू' लागतील.

परंतु तपासणाऱ्याचीही चूक होते. जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला एका खाजगी आवारातले नारळाचे झाड रस्त्यावर कोसळून पादचारी महिलेचा मृत्यू झाला. ते तोडण्याची परवानगी पूर्वी मागितली गेली होती, पण पाहणीत ते धोकादायक ठरले नव्हते, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हीच महापालिका खाजगी सोसायट्यांना सांगते, की आवारातल्या धोकादायक झाडांची जबाबदारी तुमची. निर्णय एकाचा आणि जबाबदारी दुसऱ्याची, ही वाटणी अमात्यांना खचितच विचित्र वाटली असती.

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला 'पुरातन वृक्ष' म्हटले आणि त्याच्या तोडीवरचे निर्बंध वाढवले. आज्ञापत्रात झाडाचे जीर्णपण ही त्याला हात लावण्याची एकमेव सवलत होती. येथे त्याचे वय हीच त्याची ढाल झाली आहे. पन्नाशी ओलांडलेला आणि आतून पोखरलेला गुलमोहर या दोहोंपैकी कोणत्या कलमात बसतो, हे ठरवायला अधिकाऱ्याला खोडावर नोटीस लावण्याआधी बुंध्यावर निदान एकदा टिचकी मारून पाहावी लागेल.