पावती आणि वही : गिरणगावातल्या खोलीचे अर्थकारण

मुंबईच्या चाळींविषयी लिहिणारे बहुतेक जण खोलीची लांबी-रुंदी सांगून थांबतात. सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला २०७ चाळी बांधल्या. त्यांतली खोली सुमारे १६० चौरस फुटांची. हे आकडे आपल्याला पाठ असतात. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एका पगारात घर चालवणे जड होते, तिथे कुटुंबांनी अशी खोली वर्षानुवर्षे टिकवली कशी?

उत्तर बिऱ्हाडात सामावून घेतलेल्या परक्या माणसांत सापडते. रत्नागिरी-साताऱ्याकडून एकटे आलेले गडी मुंबईत खोली घेऊ शकत नव्हते. त्यांना हवी होती ट्रंक ठेवायला भिंतीलगतची जागा, कपड्यांना खुंटी, वळकटी पसरायला गॅलरी आणि दोन वेळचे जेवण. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की त्याच जागेवर रातपाळीचा येऊन पडे. म्हणजे चौरस फूट विकले जात नव्हते. विकले जात होते तास आणि ताटे.

आमच्या नात्यातल्या एका आत्याकडे लालबागला सहा जण जेवायला असत. पहाटे चारला स्टोव्ह पेटे. भाड्याची पावती काकांच्या नावावर होती. कोणाचे किती खाडे, कोणाची बाकी किती, ही वही मात्र आत्याकडे. ती लिहायला शिकली ती या वहीसाठीच. काकांच्या पगारातून गावी मनिऑर्डर जाई आणि खोलीचे भाडे वहीतून निघे.

कायद्याने हा व्यवहार पाहिला, पण त्याला दिसली ती फक्त जागा. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारण १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. खोलीचे भाडे गोठले आणि तिच्या ताब्याचे मोल वाढत गेले; पागडीचे बळ त्यातच आहे. मालकाने मुभा दिलेली नसेल तर पोटभाडेकरू ठेवणे बेकायदा ठरले. लोक ठेवतच राहिले, आणि १९५९ च्या वटहुकुमाने तोवरच्या पोटभाडेकरूंना संरक्षण द्यावे लागले. पुढच्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी लायसन्सवर जागेत असलेल्यांना भाडेकरू मानले. परक्याला घरात घेणे यामुळे धोक्याचे झाले. दुरुस्तीने एक वाट मात्र मोकळी ठेवली : देणारा स्वतः राहतो त्याच जागेचा काही भाग घेणारा, कुटुंबाबाहेरचा माणूस म्हणजे ‘पेइंग गेस्ट’, आणि त्याला हे संरक्षण नाही. दादर-पार्ल्याच्या मध्यमवर्गाने या शब्दाचा पुढे भरपूर फायदा घेतला. गिरणगावात तीच रीत कितीतरी आधीपासून होती. तिला इंग्रजी नाव नव्हते, इतकेच.

या सगळ्या कलमांत स्वयंपाक करणारी बाई कुठेच नाही. तिला धान्य उधारीवर घ्यावे लागे आणि अडीनडीला सावकार गाठावा लागे; तारण म्हणून दाखवायला तिच्या नावावर काहीच नसे. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायकांसाठी. बायकांनी गट करून एकमेकींना जामीन राहायचे आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज घ्यायचे. माझ्या मते ही घटना गिरणगावच्या इतिहासात एखाद्या संपाइतकी मोठी आहे, पण आपल्या कामगारविषयक लेखनात तिला जेमतेम एखादा परिच्छेद मिळतो.

मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि कित्येक जेवणारे गावाकडे गेले. जे राहिले त्यांना ताट नाकारणे बायकांना जमले नाही. वाणी थांबायला तयार नव्हता, कर्जाचे हप्तेही चालूच होते. संपाच्या नुकसानीचे जे हिशेब मी वाचले, त्यांत बुडालेले मजुरीचे दिवस आहेत, न विणलेले कापड आहे. खाणावळवाल्यांच्या वह्यांतली बाकी त्यांत मला आढळली नाही.