'भाजी' ह्या शब्दाच्या पोटात

मराठीतला 'भाजी' हा शब्द फार उदार आहे. मेथीची जुडी भाजी, वांगे भाजी, सुरण भाजी आणि शिजून ताटात आली की मटकीसुद्धा भाजीच. बाजारातल्या कच्च्या मालाला आणि ताटातल्या तयार पदार्थाला एकच नाव देणाऱ्या ह्या शब्दाचे कौतुक आम्ही वर्गात पुष्कळ केले आहे. पण 'भाज्या भरपूर खा' हा सल्ला घेऊन मधुमेही माणूस घरी येतो, पोळीबरोबर वाटीभर बटाट्याची भाजी खातो आणि आपण पथ्य पाळले असे मनापासून समजतो, तेव्हा हा उदारपणा अंगाशी येतो. पालेभाजी, फळभाजी, कंद हे भेद सांगणारे शब्द आपल्यापाशी आहेत; सल्ल्याच्या वाक्यात मात्र ते उतरत नाहीत.

हे भेद जुने आहेत. १६ व्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाशा'त शाकाचे सहा प्रकार सांगितले आहेत: पान, फूल, फळ, देठ, कंद आणि संस्वेदज, म्हणजे अळंबीसारखे. ह्यांतला प्रत्येक पुढचा प्रकार मागच्यापेक्षा 'गुरु', पचायला जड मानला आहे. पान सर्वांत हलके आणि कंद जड, हे वाचल्यावर आजचे आहारशास्त्र आपल्या पूर्वजांना ठाऊकच होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, असे आम्हांला वाटते. त्या क्रमात सर्वांत जड ठरते ती अळंबी, जिचा रक्तातली साखर वाढण्याशी फारसा संबंध नाही. शिवाय एकूण शाकवर्गाविषयीच त्या ग्रंथाचे मत फारसे चांगले नाही. भाज्यांत रोग वसतात, असेही तो म्हणतो. चरकाने प्रमेहाची कारणे मोजताना बसून राहण्याचे सुख, झोपेचे सुख, दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ह्यांची नावे घेतली. कंदाचे त्या यादीत नाही. तेव्हा 'गुरु' म्हणजे साखर वाढवणारे, असे समीकरण मांडता येत नाही. मोलाचे आहे ते एवढेच, की भाजी वनस्पतीच्या कोणत्या अंगाची आहे, हा प्रश्न त्यांना विचारावासा वाटला.

ह्या वर्गीकरणात पुढे एक पाहुणा शिरला. 'भावप्रकाशा'त पोर्तुगीजांबरोबर आलेल्या फिरंग रोगाचे वर्णन आहे. बटाटा मात्र तिथे शोधू नये. त्यात आलुकाचे जे प्रकार येतात (काष्ठालुक, पिंडालुक, रक्तालुक इत्यादी) ते इथले जुने कंद. उत्तरेने हेच जुने नाव नव्या कंदाला दिले आणि 'आलू' जणू पूर्वापार घरचा झाला. मराठीने परके नाव ठेवले, तेही चुकीच्या कंदाचे: 'बटाटा' हा कॅरिबियन बेटांवरचा, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला शब्द मुळात रताळ्याचा आहे. नाव परके राहिले, पण मान मिळाला तो थेट उपवासाच्या ताटात. बटाटा, रताळे आणि साबुदाणा (जो १९४० च्या दशकापासून तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून होऊ लागला), तिन्ही मूळचे अमेरिका खंडातले. धान्य वर्ज्य करण्याच्या दिवशी आपण पिष्टाचे तीन प्रकार जेवतो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण रचणाऱ्याला इन्शुलिन ठाऊक नव्हते, एवढेच.

विसाव्या शतकात जुना प्रश्न नव्या भाषेत परतला. १९८१ मध्ये टोरोंटोच्या डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, ह्याचा निर्देशांक मांडला. १९८८ मध्ये जेराल्ड रीव्हन ह्यांनी इन्शुलिनला शरीर दाद देईनासे होणे, रक्तदाब, बिघडलेली स्निग्धद्रव्ये ह्यांची मोट बांधून तिला 'सिंड्रोम एक्स' म्हटले. आज तिला चयापचयाचा विकारसमूह म्हणतात. पाठोपाठ भाजीची व्याख्याही आकसली. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात दिवसाला ४०० ग्रॅम फळे-भाज्यांची शिफारस करताना बटाटा व तत्सम पिष्टमय कंद हिशेबातून वगळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ मध्ये ३०० ग्रॅम भाज्यांची फोड केली: पालेभाज्या ५०, कंदमुळे ५०, इतर २००.

आम्हांला सर्वांत बोलकी वाटते ती २०१० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेली पाहणी. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा 'भाज्या' असा सरसकट गट घेतल्यास मधुमेहाच्या धोक्यात लक्षणीय फरक दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या वेगळ्या काढल्यावर मात्र त्या अधिक खाणाऱ्यांत धोका १४ टक्क्यांनी कमी आढळला. सामान्यनामाने जे झाकले होते, ते विशेषनामाने उघड केले. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणभावाची सिद्धता नव्हे. पालेभाजी खाणारा माणूस इतर बाबतींतही सावध असू शकतो.

बटाट्याला मात्र सरसकट आरोपी करण्यात अर्थ नाही. त्याच नियतकालिकात २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे २ लाख ५ हजार आरोग्य-व्यावसायिकांचा अभ्यास आला. आठवड्याला तीनदा फ्रेंच फ्राइज खाण्याशी मधुमेहाचे प्रमाण २० टक्क्यांनी अधिक असण्याचा संबंध दिसला. उकडलेल्या, भाजलेल्या, कुस्करलेल्या बटाट्याशी तसा ठळक संबंध दिसला नाही. बटाट्याच्या जागी पूर्ण धान्य धरले तर धोका घटला, पांढरा भात धरला तर उलट वाढला. पण हा सारा हिशेब 'ह्याच्या जागी ते' असा आहे. आमच्या ताटात बटाटा पोळीच्या किंवा भाताच्या जागी येतच नाही. भाजी म्हणून तो त्यांच्या शेजारी येऊन बसतो.