ध्वनिमुद्रिका, सुई आणि साधनचिकित्सा

ध्वनिमुद्रिकेस इतिहासाचे साधन मानावयाचे, तर ती वाजविणाऱ्या यंत्राची चिकित्साही ओघानेच येते. हस्तलिखिताचा वाचक बदलला म्हणून त्यातील अक्षर बदलत नाही. तबकडीचे तसे नाही. अयोग्य सुईने वाचली असता ती वाचतावाचताच झिजते आणि अयोग्य वेगाने वाचली असता खोटी साक्ष देते.

१९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यात गौहर जान प्रभृतींचे गायन मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या जर्मनीतील हानोफर येथे छापल्या जात. १९०८ साली सियालदह येथे कारखाना निघाला आणि हे काम देशातच होऊ लागले. नागपुरास कलकत्त्याशी जोडणारा लोहमार्ग कळमन्यावरून जातो. बंगाल-नागपूर रेल्वेचा हा मार्ग १९०० पर्यंत हावड्याशी थेट जोडला गेला होता. तेव्हा पूर्वेकडील माल नागपुरात याच वाटेने येणे स्वाभाविक होते. ज्या लाखेपासून तबकडीचे द्रव्य होई, ती लाखही याच मार्गावरील गोंदियाच्या परिसरात होत असे.

या तबकड्यांवर मिनिटास ७८ फेऱ्या असा वेग गृहीत धरण्याची रूढी आहे. परंतु आरंभीच्या काळात हा वेग सर्वत्र एक नव्हता. ७४ फेऱ्यांनी मुद्रित केलेली तबकडी ७८ ने वाजविल्यास स्वर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचा षड्ज पांढरी दोनच्या समीप जातो आणि लयही त्याच प्रमाणात वाढते. बालगंधर्वांची पट्टी किंवा अब्दुल करीम खाँ यांचा षड्ज केवळ तबकडीवरून ठरविणाऱ्याने हे ध्यानी धरावयास हवे. साथीच्या पेटीवरून काही अनुमान करता येते; तथापि सर्व पेट्या एकाच मापाने जुळविलेल्या नव्हत्या. यास्तव ज्याचा वेग थोडाथोडा कमीअधिक करता येतो, असे फिरते यंत्र संशोधकाची पहिली गरज होय.

दुसरा प्रश्न सुईचा. चावीच्या ग्रामोफोनची ध्वनिपेटी तबकडीवर शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकी आणि पोलादी सुई प्रत्येक बाजूस बदलावी लागे. आधुनिक चुंबकीय कार्ट्रिजला दीर्घवादनाच्या तबकडीवर सुमारे दोन ग्रॅम भार पुरतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. १९४८ साली अमेरिकेत आलेल्या दीर्घवादन तबकडीस सुमारे २५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक सुई लागते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते आणि गाण्याऐवजी खरखर वाचते.

यंत्र एकदम परिपूर्ण घेणे क्वचितच शक्य होते. म्हणून निवडीचा क्रम महत्त्वाचा. स्थिर गतीचे फिरते यंत्र आणि उत्तम भुजा प्रथम घ्यावी, कारण ती सहसा बदलली जात नाहीत. भुजेचे टोक सुटे असल्यास दोन प्रकारच्या तबकड्यांसाठी दोन कार्ट्रिजे ठेवता येतात. चलचुंबक जातीच्या बहुतेक कार्ट्रिजांची सुईच तेवढी बदलता येते, त्यामुळे आरंभास ती सोयीची. चलवेटोळे जातीचे कार्ट्रिज पुढे घेता येईल. मात्र त्याचा विद्युत्संकेत बहुधा दशांशाइतकाच क्षीण असल्याने वर्धकात वेगळी सोय लागते, ती आधीच पाहून ठेवणे शहाणपणाचे.

स्वरसंतुलनाचे आजचे मान १९५४ च्या सुमारास सर्वमान्य झाले. त्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांची माने निरनिराळी होती, आणि १९२५ पूर्वीच्या कर्ण्यातून घेतलेल्या मुद्रणास असे मानच नव्हते. म्हणून संग्रहासाठी नक्कल घेताना मूळ ध्वनी असंस्कारित ठेवावा. संस्कार दुसऱ्या प्रतीवर करावेत. वेग, सुईचे माप आणि भार यांची नोंद प्रतीसोबत असावी. पुढील संशोधकास अधिक चांगले यंत्र लाभेल. परंतु झिजलेली तबकडी त्यास कोणीही पुन्हा मिळवून देऊ शकणार नाही.