सात वाटा, एकच केबल

रस्ता खोदताना केबल तुटली आणि सगळ्या पेठेचे फोन बंद पडले, हा अनुभव आपल्याला नवा नाही. तांब्याच्या तारांच्या काळात नुकसान बहुधा पेठेपुरतेच राही. प्रकाशतंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, आले आणि हे गणित बदलले. अटलांटिक महासागराच्या तळाशी १९५६ साली टाकलेल्या पहिल्या टेलिफोन केबलमधून एका वेळी ३६ संभाषणे जात. त्याच महासागरात १९८८ साली प्रकाशतंतूंची पहिली केबल आली, तिची क्षमता होती सुमारे ४०,००० संभाषणांची. केसाएवढ्या तंतूची ही किमया आपण वर्गात कौतुकाने सांगतो. पण एका घावात तुटणारी संभाषणेही तेवढीच वाढली, हे सांगायचे राहून जाते.

मग उपाय काय? केबल कितीही जाड वेष्टनात घातली तरी कुदळ, नांगर आणि भूकंप यांच्यापुढे ती कधी ना कधी हार खाणारच. तेव्हा दुसरी वाट तयार ठेवणे, हाच खरा उपाय. मात्र ही दुसरी वाट खरोखरच दुसरी असायला हवी.

इंटरनेटचे पूर्वज असलेल्या अमेरिकेतील आर्पानेटची कथा या दृष्टीने बोलकी आहे. बोस्टनच्या बाजूचा ईशान्य भाग उरलेल्या जाळ्याशी सात मार्गांनी जोडलेला होता. एक मार्ग गेला तरी सहा उरतील, असा हिशोब. १२ डिसेंबर १९८६ रोजी, मध्यरात्रीनंतर तासाभराने, न्यूअर्क आणि व्हाइट प्लेन्स या गावांदरम्यान ए. टी. अँड टी. कंपनीची प्रकाशतंतूंची एक केबल तुटली आणि सातही मार्ग एकदम गेले! नकाशावर रेषा सात होत्या, जमिनीखाली केबल एकच. ईशान्येकडील संगणक सुमारे अकरा तास एकटे पडले.

पुढे वर्तुळाकार जोडणी रूढ झाली. फळ्यावर पाच ठिपके गोलाकार मांडून रेषेने जोडा. ठिपके म्हणजे एक्स्चेंज. संदेश दोन्ही दिशांनी पाठवला जातो आणि घेणारे केंद्र त्यांतला चांगला तेवढा निवडते. आता एक रेषा पुसा. संदेश उलट्या बाजूने पोहोचतोच! एसडीएच या १९८८ च्या मानकावर आधारलेल्या यंत्रणेत बिघाड लक्षात आल्यावर ही अदलाबदल ५० मिलिसेकंदांत होते. बोलणाऱ्याला फार तर एखादी खरखर ऐकू येईल. अर्थात वर्तुळाच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेल्या, तर ते वर्तुळ फक्त फळ्यावरच. खर्च वाचवण्यासाठी तसा मोह होतोच.

समुद्रातही तेच. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी-४ आणि फ्लॅग या दोन केबली तुटल्या. दोन्ही मुंबईला येणाऱ्या. मालक वेगळे, पण युरोपची वाट एकाच अरुंद टापूतून. भारतातील इंटरनेट मंदावले. काही वाहतूक उलट्या दिशेने, पूर्वेकडून प्रशांत महासागरमार्गे वळवली, म्हणून काम अगदीच थांबले नाही. दुरुस्तीला मात्र आठवड्याहून अधिक काळ लागला, कारण जहाजाने जाऊन तळातली तुटलेली टोके वर ओढावी लागतात आणि काचेचे तंतू एकेक करून सांधावे लागतात.