लाकडातील प्राणी आणि ओंडक्याची मालकी : नांदेड-लातूर परिसरातील काष्ठशिल्पाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नांदेड व लातूर हे दोन्ही जिल्हे जनावरांच्या संगोपनासाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. कंधार परिसरातील लाल कंधारी आणि देवणी परिसरातील देवणी या गोवंशांची नावेच मुळी येथील गावांवरून पडलेली आहेत. लोहा तालुक्यातील माळेगाव येथील खंडोबाची यात्रा घोडे, उंट, गाढवे व बैल यांच्या बाजारामुळे दूरवर ओळखली जाते. दुसरीकडे नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला किनवट-माहूरचे सागवानी जंगल पसरलेले आहे. जनावर आणि लाकूड ही दोन्ही साधने हाताशी असताना, लाकडातून प्राण्यांची शिल्पे घडविण्याचा स्वतंत्र व्यवसाय या भागात का रुजला नाही, असा प्रश्न उपस्थित होतो. नांदेडपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील निर्मल येथे मात्र हाच व्यवसाय सतराव्या शतकापासून चालत आल्याचे मानले जाते. त्यामुळे हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो.

मराठवाड्यातील कारागिरांमध्ये कौशल्याची उणीव होती, असे उत्तर देणे सोपे आहे. परंतु ते इतिहासाला धरून नाही. ओंडका कोणाच्या मालकीचा होता आणि घडविलेल्या वस्तूचे मोल कोण देत होते, या दोन बाबींत या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विचार केला आहे.

दगडातील प्राणी आणि लाकडातील अवजारे

प्राणिशिल्पाची परंपरा या भूमीला नवीन नाही. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरे आणि निलंग्याचे नीलकंठेश्वर मंदिर ही तिची साक्ष देतात. नंदी, हत्ती, सिंह, मकर व व्याल ही या मंदिरपरंपरेतील नेहमीची शिल्पे होत. परंतु हे सर्व काम दगडातील आहे. त्यामागे राजसत्ता, सामंत व दानशूर व्यापारी यांचा आश्रय होता. लाकूड वाळवी व ओल यांना बळी पडते. त्यामुळे चिरकाल टिकावे असे दान लाकडात क्वचितच दिले गेले.

लाकूडकाम मुख्यतः गावगाड्यातील सुताराकडे होते. नांगर, वखर, तिफण, जू आणि बैलगाडी तयार करणे व दुरुस्त करणे हे त्याचे काम. त्याबद्दल सुगीच्या वेळी त्याला धान्यरूपाने बलुते मिळे. लाकूड मात्र सामान्यतः शेतकऱ्याचे असे. बांधावरची बाभूळ शेतकरी तोडून देई आणि सुतार वाकस, पटाशी, रंधा व करवत यांच्या साहाय्याने तिला आकार देई. गाडीच्या चाकाचा तुंबा कोरणे आणि त्यात आरे नेमके बसविणे हे काम कोणत्याही मूर्तिकामाइतकेच अवघड आहे. परंतु बलुत्याच्या व्यवस्थेत उपयुक्त वस्तूलाच मोल होते. सुताराने सारे आयुष्य बैलासाठी लाकूड घडविले. लाकडाचा बैल घडविण्यासाठी त्याला ना स्वतःचा ओंडका होता, ना गिऱ्हाईक.

राजाश्रयाखाली उत्तम काष्ठकाम झाल्याची उदाहरणे याच परिसरात आढळतात. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे कोरीव लाकडी स्तंभ बरीदशाही काळातील कारागिरीची उंची दाखवितात. मात्र ही कला महालाच्या स्तंभ-तुळयांपुरती राहिली. खेड्यातील सुताराच्या दाराशी ती आली नाही.

निर्मल : मऊ लाकडाचा आधार

निर्मलची परंपरा निम्मा नायडू या सतराव्या शतकातील स्थानिक सत्ताधीशाच्या आश्रयाशी जोडली जाते. तेथील नक्काश कारागीर पशू, पक्षी, फळे व भाज्या यांच्या प्रतिकृती पोणिकी नावाच्या अत्यंत हलक्या व मऊ लाकडापासून तयार करतात. प्राण्याचे धड, पाय, शिंगे व शेपूट हे भाग वेगवेगळे कोरले जातात. चिंचोक्याची खळ व लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने ते जोडून सांधे बुजविले जातात. त्यावर पांढऱ्या मातीचा लेप चढवून, घासून गुळगुळीत केल्यावर रंग दिला जातो.

या पद्धतीला आर्थिक बाजूही आहे. पोणिकी इमारतीला किंवा शेतीच्या अवजाराला उपयोगी पडत नाही. सागवानासारख्या मौल्यवान वृक्षांवर निजामी शासनाचे बारीक लक्ष असे; राखीव वनांमुळे स्थानिक लोकांचे वनावरील पारंपरिक हक्क आकसत गेले. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली झालेला आणि १९४० मध्ये त्यांच्या मृत्यूने संपलेला गोंड आदिवासींचा लढा याच प्रश्नातून उभा राहिला होता. अशा परिस्थितीत ज्या लाकडाला इमारती लाकूड म्हणून किंमत नव्हती, तेच कारागिराच्या वाट्याला येऊ शकले. निर्मलची कला जंगलाच्या श्रीमंतीवर वाढली, असे म्हणण्यापेक्षा जंगलातील दुर्लक्षित लाकडावर ती तगली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

१९५६ ची सीमारेषा

नांदेड व निर्मल हे दोन्ही भाग हैदराबाद संस्थानात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतरही आठ वर्षे ते एकाच राज्यात राहिले. बासरचे सरस्वती मंदिर ज्या मुधोळ तालुक्यात होते, तो तालुका नांदेड जिल्ह्याचाच भाग होता आणि त्याच्या पलीकडे निर्मल होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना अमलात आली. त्या वेळी मुधोळ व कुबीर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. बिचकुंदा व जुक्कल ही देगलूर तालुक्यातील मंडळे निजामाबादकडे गेली. उलट, आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व इस्लापूरचा भाग नांदेडकडे आला.

भाषेच्या दृष्टीने ही विभागणी न्याय्य होती. कलेच्या दृष्टीने मात्र तिचा परिणाम वेगळा झाला. सागवानाचे जंगल एका राज्यात आले आणि काष्ठकलेचे केंद्र दुसऱ्या राज्यात गेले. निर्मलच्या कारागिरांना सहकारी संस्थेचे व शासकीय विक्री केंद्रांचे पाठबळ मिळाले आणि २००८-०९ मध्ये निर्मलच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. नांदेडच्या वाट्याला आलेल्या किनवटच्या जंगलातून इमारती लाकूड मिळत राहिले. परंतु त्याभोवती अशी कोणतीही कारागीर संस्था उभी राहिली नाही. कल्याणकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग आजही नांदेड, भोकर, भैंसा या मार्गाने निर्मलला जातो. रस्ता राहिला, कलेचे शिक्षण मात्र त्या रस्त्याने अलीकडे आले नाही.

किल्लारीनंतरचे लाकूड

लातूर जिल्ह्यात जंगल अल्प असले, तरी घरात लाकूड भरपूर असे. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व तुळया आणि वर मातीचे माळवद अशी येथील घरांची रचना होती. संपन्न वाड्यांच्या चौकटी व खांबांवरील नक्षी हे सुताराला बलुत्यापलीकडे मिळणारे कलेचे क्षेत्र होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात ही घरे कोसळली. हजारो माणसे प्रामुख्याने दगड-मातीच्या भिंती व माळवदाच्या भाराखाली दगावली. पुनर्वसनात नव्या पद्धतीची भूकंपरोधक घरे उभी राहिली आणि ते आवश्यकच होते. मात्र त्याबरोबर खांब, तुळया व कोरीव चौकटी यांची मागणी भूकंपग्रस्त गावांतून जवळजवळ संपली. ट्रॅक्टर व लोखंडी अवजारांनी सुताराचे शेतीतील काम आधीच कमी केले होते. आता घरातील कामही गेले.

साखळी करवत : साधन आणि परंपरा

चेनसॉ म्हणजे साखळी करवत हे मूळचे वृक्षतोडीचे यंत्र. जर्मनीतील आन्द्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी व १९२९ मध्ये पेट्रोलवर चालणारी करवत तयार केली. १९५० च्या दशकापासून अमेरिकेत काही कारागीर याच यंत्राने अखंड ओंडक्यातून अस्वल, गरुड, घोडा अशी शिल्पे कोरू लागले. तेथे मोठे ओंडके सहज मिळत आणि पर्यटक हे गिऱ्हाईक होते. म्हणजे मालकी व मागणी या दोन्ही अटी तेथे पूर्ण होत होत्या.

अखंड ओंडक्याला एक अंगभूत अडचण असते. लाकूड वाळताना बाहेरचा भाग आधी आकसतो आणि गाभ्याच्या दिशेने तडे जातात. हे टाळण्यासाठी शिल्पाच्या मागील बाजूस मुद्दाम खोल काप घेतात किंवा खालून गाभा पोकळ करतात. मराठवाड्यातील कडक उन्हाळ्यात ही काळजी अधिकच घ्यावी लागेल. निर्मलच्या कारागिरांनी लहान वाळलेले तुकडे जोडून हीच अडचण वेगळ्या मार्गाने सोडविली आहे. एका पद्धतीत लाकूड काढत जाऊन प्राणी मोकळा करायचा, तर दुसरीत भाग जोडत जाऊन तो उभा करायचा, असा हा भेद आहे.

साखळी करवत आता मराठवाड्यातही पोहोचली आहे. परंतु येथे तिचा उपयोग झाड पाडण्यासाठी व ओंडक्याचे तुकडे करण्यासाठी होतो. रस्ता रुंदीकरणात पाडलेली जुनी झाडे लिलावात जातात आणि त्यांचे मोल घनफुटावर किंवा जळणाच्या वजनावर ठरते. यंत्र तेच असूनही त्यातून शिल्प निर्माण होत नाही, कारण ओंडका येथेही कारागिराचा नसतो.

निष्कर्ष

नांदेड-लातूर परिसरात काष्ठशिल्पाचा व्यवसाय न रुजण्याचे कारण हात किंवा हत्यार यांच्या उणिवेत नसून मालकी व आश्रय यांच्या अभावात आहे. बलुतेपद्धतीत लाकूड शेतकऱ्याचे होते, राखीव वनात ते शासनाचे झाले आणि आज लिलावात ते व्यापाऱ्याचे होते. निर्मलमध्ये कारागिराला स्वतःचे म्हणता येईल असे लाकूड मिळाले, म्हणून तेथे परंपरा टिकली. पोणिकीच्या टंचाईमुळे आज तीही अडचणीत आली आहे, हे याच निष्कर्षाला पुष्टी देणारे आहे.

रस्त्याकडेला पाडल्या जाणाऱ्या झाडांचे काही ओंडके लिलावापूर्वी सुतार कारागिरांसाठी व कला महाविद्यालयांसाठी राखून ठेवले, तर अल्प खर्चात एक नवी सुरुवात होऊ शकेल. लाल कंधारी व देवणी बैल शेतातून वेगाने कमी होत आहेत आणि त्यांच्यासाठी जू घडविणारे हातही थकत चालले आहेत. त्या बैलाचे रूप ज्यांना अंगोपांगी ठाऊक आहे, अशा हातांना ओंडका मिळण्याचा काळ आता फार उरलेला नाही.