घरी मेणबत्ती करणं जेव्हा गुन्हा होता

गेल्या महिन्यात एका रविवारी मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी बारा सुगंधी मेणबत्त्या केल्या. पातेल्यात पाणी, पाण्यात स्टीलचा डबा, डब्यात सोया वॅक्स, आणि आयआर थर्मामीटर हातात घेऊन उभ्या दोन इंजिनियर. तिची नोकरी लेऑफमध्ये गेल्याला तीन महिने झाले होते. हा छंद नव्हता, धंद्याची चाचणी होती.

बारापैकी तीन फसल्या. वात बारीक पडली, त्यामुळे फक्त मधलं मेण वितळलं आणि कडेचं तसंच राहिलं. मधोमध विहीर, आणि तिच्या तळाशी गुदमरलेली ज्योत. वातीचं गणित शोधता शोधता मी मेणबत्तीच्या इतिहासात शिरले आणि एका कायद्याशी येऊन थांबले.

साल 1709. ब्रिटनच्या संसदेने मेणबत्तीवर कर बसवला. कर वसूल करायचा तर मेणबत्ती कोण करतंय हे सरकारला कळायला हवं. म्हणून परवाना न घेता, कर न भरता घरी मेणबत्ती करायला बंदी आली. हा कर 1831 सालापर्यंत टिकला, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं. ॲडम स्मिथने 1776 साली जीवनावश्यक वस्तूंवरचे प्रमुख कर मोजले, तेव्हा मीठ, कातडं आणि साबणाबरोबर मेणबत्तीचं नाव घेतलं. आपल्याला मिठावरचा कर माहीत आहे. उजेडावरचाही होता.

आता त्या मेणबत्त्या कसल्या होत्या ते पाहू. मराठीत ‘मेणबत्ती’ या शब्दातच मेण आहे, पण त्या काळच्या युरोपात मधमाशीचं मेण म्हणजे चर्च आणि श्रीमंतांची चैन. सामान्य घरात जळायची ती गुराढोरांची चरबी. ती धूर करायची, उन्हाळ्यात मऊ पडायची आणि तिला वास यायचा. मेणबत्तीला वास नसणं हीच तेव्हा चैन होती. आज आपण बिनवासाचं मेण आणून त्यात मोगऱ्याचा अर्क घालतो, हे त्या लोकांना सांगितलं असतं तर ते हसले असते.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा आलाच नाही. तेलबिया होत्या, म्हणून पणती होती, समई होती. मेणाची गोष्ट पाहायची तर वांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांजवळ जा. तिथे मेणाचे हात, पाय, बाहुल्या, घरं विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो घर. जाळून उजेड करणं हा मेणाचा एकमेव उपयोग नाही, हे तिथे कळतं.

पुन्हा इंग्लंडमध्ये येऊ. त्या कायद्यात एक पळवाट होती. लव्हाळ्यासारखं गवत सोलायचं, आतला मऊ गर वाळवायचा आणि वितळलेल्या चरबीतून ओढून काढायचा. झाला दिवा. हा दिवा घरच्यापुरता चालायचा, विकायचा नाही, आणि चरबीत एकदाच बुडवायचा, अशी अट होती. दोनदा बुडवला की ती मेणबत्ती, आणि मेणबत्ती म्हटली की कर!

या दिव्याचा चोख हिशोब गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने मांडून ठेवलाय. तो सेलबॉर्न गावचा, निसर्गाच्या नोंदी करणारा माणूस. त्याचं पुस्तक 1789 साली आलं. एक पौंड वाळलेल्या काड्यांना सहा पौंड चरबी लागते. काड्या सोळाशेच्या वर भरतात. सगळं विकत घेतलं तरी खर्च तीन शिलिंग आणि उजेड आठशे तासांहून जास्त. म्हणजे एका फार्दिंगला, पाव पेनीला, साडेपाच तास.

इथपर्यंत मी खूश होते. इतकी स्वच्छ एक्सेल शीट आमच्या ऑफिसातही कुणी बनवत नाही. पण पुढे व्हाइट म्हणतो की अगदी गरीब लोकांना हिशोब कळत नाही. ते रोज संध्याकाळी अर्ध्या पेनीची एक मेणबत्ती आणतात, ती त्यांच्या वाऱ्याच्या खोलीत दोन तासांत संपते. तेवढ्याच पैशात त्यांना अकरा तास मिळाले असते.

हे मला पटत नाही. तीन शिलिंगांचा माल एकदम भरायला हातात तीन शिलिंग लागतात. ज्याच्याकडे रोज अर्धी पेनीच शिल्लक राहते तो अर्ध्या पेनीचाच उजेड आणणार. आपल्याकडे शाम्पूची मोठी बाटली स्वस्त पडते हे ठाऊक असूनही पुडी घेणारी माणसं मूर्ख नसतात. चूक त्यांच्या हिशोबात नाही, खिशात आहे.

व्हाइटच्या शीटमधला दुसरा घोळ मला उशिरा दिसला. काड्या जमवण्याचं, सोलण्याचं काम थकलेले मजूर, बाया आणि मुलं करतात, असं तोच लिहितो. काटकसरी गृहिणी तर डुकराच्या मांसाच्या भांड्यावरची चरबी जपून ठेवते, तिला ती फुकट पडते, हेही कौतुकाने सांगतो. पण तिच्या वेळेचा रकाना कुठेच नाही.

या दिव्यांचं जग मोडलं ते रसायनशास्त्राने. फ्रान्सच्या शेव्रलने चरबीतून ग्लिसरीन आणि स्निग्धाम्लं वेगळी करून दाखवली. त्यावरचा त्याचा ग्रंथ 1823 साली आला. चरबी जळताना येणाऱ्या उग्र वासामागे हे ग्लिसरीनही होतं. ते काढलं की उरणारं स्टिअरिक आम्ल कडक, पांढरं आणि जवळजवळ बिनवासाचं. त्याच सुमारास गोफासारखी विणलेली वात आली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथेच जळून संपतं. तोवर दर थोड्या वेळाने उठून काजळी कातरावी लागे. समईची वात सारणाऱ्या आजीला हे काम सांगायला नको. पुढे खनिज तेलातून पॅराफिन आलं आणि मेणबत्ती खरोखर स्वस्त झाली. आमचं सोया वॅक्स याच वंशातलं. सोयाबीन तेलात हायड्रोजन भरून घट्ट केलेलं, म्हणजे वनस्पती तुपाचा चुलतभाऊ.

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं तेव्हा तिने लॅपटॉप उघडून तिची शीट दाखवली. मेण, वात, सुगंध, बरणी मिळून एका मेणबत्तीला 190 रुपये. विक्री 299. नफा 109.

“तुझे तास कुठेयत?” मी विचारलं.

“घरीच तर करतेय,” ती म्हणाली.

सहा तास लागले होते. तासाला 150 रुपये धरले, फसलेल्या तीनही धरल्या, माझे तास सोडून दिले. विकता येण्याजोग्या नऊ मेणबत्त्यांचा खर्च प्रत्येकी 353 रुपये निघाला. ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. मला वाटलं, उगाच बोलले.

मग तिने शीटमध्ये एक नवा रकाना घातला, त्याला ‘मी’ असं नाव दिलं आणि किंमत 449 केली. या भावाला कुणी घेईल का, ते पुढच्या शनिवारी सोसायटीच्या प्रदर्शनात कळेल. तोवर जाड वाती मागवल्यात.